कागदाचा ताबूत आणि रंगाचे आयुष्य



चित्रकाराचे साहित्य किती टिकते, हा आजचा विषय. रंग, कागद, कॅनव्हास, छायाचित्र यांपैकी कशाला किती आयुष्य आहे याचा तक्ता मांडावा आणि खाली बसावे, इतका तो वरवर सोपा दिसतो. असे तक्ते मिळतातही. पण ते वाचून जो घरातली चित्रे जपायला जातो त्याची फसगत होते. तक्त्यात शंभर वर्षे लिहिलेली वस्तू पंचविसाव्या वर्षी विटलेली असते आणि जिला तक्त्यात जागाच नाही ती दोनदोनशे वर्षे सुखरूप राहिलेली आढळते. हे असे का होते याचा विचार करायला कडेगावइतके योग्य गाव दुसरे नाही.

मोहरमच्या इथल्या ताबुतांची ओळख मी तुम्हाला करून द्यायला नको. तरीही आजच्या विषयाच्या अंगाने त्यांच्याकडे एकदा पाहू. बांबू, सुताचा दोरा, चिकणमाती आणि रंगीत कागद एवढ्या सामानातून शंभर फुटांहून उंच अष्टकोनी मनोरे उभे राहतात. बांधणीची रीत जगावेगळी आहे. आधी कळस, मग त्याखालचा मजला, मग त्याच्याही खालचा, आणि पाया सर्वांत शेवटी. ताबुतांचे मान हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतल्या घराण्यांकडे आहेत. बांधायला आणि उचलायला दोन्हीकडचे हात लागतात. ताबुतांच्या भेटी होतात, सोहळा पार पडतो आणि काही आठवड्यांची मेहनत उतरवली जाते. निव्वळ साहित्य म्हणून पाहिले तर याहून अल्पायुषी सामान चित्रकाराच्या दुकानात मिळणार नाही. असल्या कागदातला रंग वळवाच्या एका सरीत ओघळतो आणि थोड्या आठवड्यांच्या उन्हात फिका पडतो. तरीही ही कला दीडशे वर्षांहून अधिक काळ गावात नांदते आहे. याच काळात याच परिसरात टिकाऊ म्हणून दाम मोजून घेतलेल्या कितीतरी वस्तू नामशेष झाल्या.

यावरून माझे म्हणणे मांडतो. कलावस्तूचे आयुष्य तिच्या साहित्यातच ठरून गेलेले नसते. साहित्य फक्त वरची मर्यादा घालून देते. त्या मर्यादेच्या आत ती वस्तू किती जगणार हे तिच्यातला सर्वांत दुबळा घटक ठरवतो, तिला मिळालेली जागा ठरवते आणि सर्वांत जास्त तिची जबाबदारी घेणारी माणसे ठरवतात. म्हणून ‘कोणता रंग सर्वांत टिकाऊ’ हा प्रश्न अपुरा आहे. काय जपायचे, काय पुन्हापुन्हा घडवायचे आणि कशाची नोंद ठेवायची, हे आधी ठरवावे लागते. रंगाची आणि कागदाची निवड त्यानंतर येते.

प्रथम साहित्याला त्याचे न्याय्य श्रेय देऊ, कारण रसायन कुणाच्या इच्छेला भीक घालत नाही. रंग दोन जातींचे असतात. एक जात रंगद्रव्यांची: गेरू, काव, काजळी, चुना. हे न विरघळणारे बारीक कण. गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड; ते आधीच गंजलेले आहे, आणखी बिघडायला त्यात काही उरलेले नाही. काजळी म्हणजे कार्बन. उन्हाने तो विटत नाही. दुसरी जात विरघळणाऱ्या रंजकांची. यांचा रंग रेणूच्या रचनेवर अवलंबून असतो आणि प्रकाशाने ती रचना मोडली की रंग संपतो. १८५६ साली विल्यम पर्किनने पहिले कृत्रिम रंजक बनवले आणि त्यानंतर स्वस्त, झगझगीत रंगांचा पूर आला. सणावाराचे कागद, पताका, पुढे छापील चित्रे आणि रंगीत छायाचित्रे या सगळ्यांत ही दुसरी जात आहे. अर्थात प्रत्येक खनिज रंग अमर असतो असेही नाही. हिंगूळ उजेडात काळवंडतो, हरताळ फिका पडतो, आणि व्हॅन गॉगने सूर्यफुलांसाठी वापरलेला शिशाचा क्रोम पिवळा आज तपकिरीकडे झुकला आहे. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. किंमत आणि आयुष्य यांचा सरळ संबंध नाही. कुंभाराच्या अंगणातला गेरू आणि दिव्यावर धरलेली काजळी यांना आयुष्यात मागे टाकतील असे महागडे रंग फार थोडे आहेत.

पण गेरू टिकला म्हणून गेरूचे चित्र टिकते असे नाही. रंगाचा कण कशाने तरी भिंतीला, कापडाला किंवा कागदाला धरलेला असतो. ते धरणारे द्रव्य, खालचे अस्तर आणि त्याखालचा आधार यांपैकी एकाने जरी साथ सोडली तरी चित्र गेले. लिओनार्दोने मिलानमधल्या एका मठाच्या भोजनगृहात शेवटच्या भोजनाचे चित्र १४९५ ते १४९८ या काळात रंगवले. रंग उत्तम होते, हात तर त्याचा. पण ओल्या गिलाव्यावर झपाट्याने काम करण्याची रूढ पद्धत सोडून त्याने कोरड्या भिंतीवर सावकाश रंगवण्याचा प्रयोग केला. रंग भिंतीत मुरला नाही आणि साठ वर्षांच्या आत चित्राची दुर्दशा झाल्याचे समकालीनांनी लिहून ठेवले. आता आपल्या अजिंठ्याकडे पाहा. तिथेही रंग कोरड्या पृष्ठभागावरच लावलेले आहेत. गेरू, काव, हिरवी माती, काजळी, चुना, आणि अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्दी निळा. पण त्याखाली माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळून केलेला गिलावा आहे, त्यावर चुन्याचा पातळ हात आहे, आणि हे सारे डोंगराच्या पोटात, अंधारात. शेजारच्या वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू सापडले असून किड्यांना दूर ठेवण्यात त्यांचा वाटा असावा असे अभ्यासकांनी मांडले आहे. तिथले कारागीर रंग निवडून थांबले नाहीत. संपूर्ण भिंतीचाच त्यांनी विचार केला होता.

अजिंठ्याची पुढची कहाणी मला या विषयातला सर्वांत मोठा पुरावा वाटते, म्हणून तिथे थोडे रेंगाळतो. १८१९ साली लेणी पुन्हा प्रकाशात आली आणि चित्रे नष्ट होतील या काळजीने त्यांच्या प्रती करण्याचे काम सुरू झाले. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून पुढची कितीतरी वर्षे लेण्यांपाशी राहून कॅनव्हासवर तैलरंगात मोठ्या प्रती केल्या. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सर्व जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ पर्यंत पुन्हा तेच काम करीत राहिले. त्याही प्रती लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्या अनेक नष्ट झाल्या. म्हणजे त्या काळच्या सर्वोत्तम साहित्यात, सर्वोत्तम देखरेखीखाली ठेवलेल्या प्रती गेल्या आणि माती-तुसावरचे दीड हजार वर्षांचे मूळ चित्र जागेवर राहिले. त्या मुळालाही सर्वांत मोठा धक्का प्रेमापोटी बसला. प्रत करताना रंग उठून दिसावेत म्हणून नकलकारांनी वॉर्निश लावले. निजामाच्या काळात १९२० च्या सुमारास इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी रंग पक्के करण्यासाठी लाखेचा लेप दिला. रंग त्याने धरून ठेवला, पण लेप पुढे पिवळा पडला, त्यावर धूळ आणि काजळी बसली आणि तो हलक्या हाताने उतरवण्याचे काम पुढच्या पिढ्यांकडे आले. जतनाच्या क्षेत्रात आज जो नियम मानतात, की जे काढता येणार नाही ते लावू नये, तो अशाच अनुभवांतून आला आहे.

आता जागेचा विचार करू, आणि तो आकड्यांत करू. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते. रात्री चित्र विश्रांती घेऊन पुन्हा ताजे होत नाही. जलरंग, कापड, जुनी छायाचित्रे यांच्यासाठी संग्रहालये साधारण ५० लक्स एवढाच उजेड ठेवतात. आपल्याकडे उन्हाळ्याच्या भर दुपारी थेट उन्हात तो एक लाख लक्सच्या घरात असतो. म्हणजे एक तासाचे ऊन हे संग्रहालयातल्या दोन हजार तासांबरोबर. रोज आठ तास दालन उघडे धरले तर अडीचशे दिवसांबरोबर. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांचा हिशोब याहून वेगळा, आणि तो अधिक वाईट. उष्णतेचेही तसेच. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की रंजकांची आणि फिल्मची अंधारातली झीज साधारण निम्म्यावर येते. म्हणजे पत्र्याच्या छपराखालच्या लोखंडी कपाटात ठेवलेला अल्बम आणि त्याच घरातल्या जाड भिंतींच्या थंड खोलीतला अल्बम यांत दहा-बारा अंशांचा फरक राहिला तर एकाचे आयुष्य दुसऱ्याच्या चौपट होते. दोन्ही अल्बमांतले कागद एकाच कंपनीचे असले तरीही. हवेतल्या दमटपणाचे काय करावे हे सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांइतके चांगले कुठेच शिकता येणार नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे आणि पाटणच्या डोंगराळ भागात कागदाचा पहिला शत्रू बुरशी. कडेगाव, विटा, आटपाडीच्या कमी पावसाच्या पट्ट्यात बुरशीचे भय कमी, पण उन्हाळ्याची उष्णता आणि धूळ जास्त. एकच छायाचित्र या दोन ठिकाणी दोन वेगळ्या कारणांनी आणि वेगळ्या वेगाने खराब होईल.

छायाचित्र म्हटले की मी तुम्हाला तुमच्या घरातल्या भिंतीकडे पाहायला सांगेन. पन्नास-साठ सालांतला आजोबा-आजींचा काळा-पांढरा फोटो बहुतेक घरांत आजही स्पष्ट आहे आणि ऐंशीच्या आसपासचा लग्नाचा रंगीत फोटो तांबूस, पिवळट, ओळख न पटण्याइतका उतरला आहे. हा योगायोग नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोतली प्रतिमा जिलेटिनच्या थरात अडकलेल्या चांदीच्या कणांची असते. हायपो या रसायनाने नीट स्थिर केला असेल आणि पाण्यात पुरेसा धुतला असेल तर तो शंभर वर्षे सहज काढतो. धुलाईत घाई झाली असेल तर डाग पडतात आणि कडा पिवळ्या होतात. म्हणजे आज जो फोटो नितळ दिसतो तो कुण्या अंधाऱ्या खोलीत कुणीतरी मन लावून धुतला होता म्हणून. रंगीत फोटोत डेव्हलपिंग झाल्यावर चांदी काढून टाकतात आणि मागे तीन रंजके उरतात: निळसर, किरमिजी आणि पिवळे. त्या काळच्या कागदांत निळसर रंजक अंधारातही, नुसत्या उष्णतेने मोडत असे. ते गेले की उरते लाली. उजेडात टांगलेल्या फोटोत किरमिजी रंजकाला अधिक धोका. ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर कागद सुधारले, पण तोवर आपल्याकडे एका पिढीची लग्ने, बारशी आणि गावच्या यात्रा त्या कच्च्या रंजकांत उतरून बसल्या होत्या. चिकट पानांच्या आणि पीव्हीसीच्या पाकिटांच्या अल्बमांनी उरलेले नुकसान केले.

या टप्प्यावर खोक्यावरच्या आकड्याबद्दल बोलायला हवे. ‘शंभर वर्षे टिकेल’ असे छापलेले असते तेव्हा शंभर वर्षे कुणी थांबून पाहिलेले नसते. प्रखर दिव्याखाली काही आठवडे किंवा महिने नमुना ठेवतात, तो किती विटला ते मोजतात आणि घरातल्या उजेडाचा अंदाज धरून गणित करतात. अंदाज बदलला की उत्तर बदलते. छायाचित्रांच्या टिकाऊपणावर आयुष्यभर काम केलेल्या हेन्री विल्हेल्म यांच्या संस्थेने रोज बारा तास ४५० लक्स उजेड गृहीत धरला. कोडॅकने आपल्या कागदांसाठी १२० लक्स धरला. एवढ्या एका फरकाने त्याच कागदाचे आयुष्य जवळजवळ पावणेचार पट लांबते. शिवाय हे सारे बेताच्या तापमानाच्या खोलीत. या आकड्यांना मी खोटे म्हणत नाही. दोन कागदांची तुलना करायला ते उत्तम आहेत, आणि रंजकांच्या शाईपेक्षा रंगद्रव्यांच्या शाईने सुती कागदावर काढलेली प्रत कितीतरी पटींनी टिकते हे त्यांनीच निर्विवाद दाखवून दिले. पण तो आकडा तुमच्या घरातल्या, पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या भिंतीसाठी काढलेला नसतो.

यावर एक आक्षेप येईल की आम्ही चांगलेच साहित्य घेऊ, खर्च करू, मग प्रश्न कुठे उरतो? मार्क रॉथकोची गोष्ट यावर उत्तर देते. हार्वर्ड विद्यापीठासाठी त्याने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाच प्रचंड चित्रे केली. चित्रकार जगविख्यात, विद्यापीठ श्रीमंत. त्याने वापरलेला एक लाल रंग कच्चा निघाला, चित्रे लावली होती त्या भोजनगृहाला काचेच्या मोठ्या खिडक्या होत्या, आणि १९७९ पर्यंत ती इतकी उतरली की काढून ठेवावी लागली. २०१४ मध्ये ती पुन्हा दाखवली गेली तेव्हा चित्रांना हात न लावता, हरवलेला रंग प्रकाशझोताने त्यांच्यावर पाडावा लागला. पैसा होता, कीर्ती होती. पडदे ओढायची जबाबदारी नेमकी कुणाची हे मात्र पक्के नव्हते.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या शेजारी, औंधला आहे. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभारले. छोट्या संस्थानाचा राजा, स्वतः चित्रकार. त्याने राजा रविवर्म्याच्या मूळ तैलचित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत संग्रह केला. रविवर्म्याचेच चित्र दोन रूपांत मनाशी धरा. एक औंधच्या कॅनव्हासवर, तेलात बांधलेल्या रंगात. दुसरे त्याने १८९४ मध्ये मुंबईत काढलेल्या छापखान्यातले, घरोघरी देवाच्या शेजारी लागलेले. कॅनव्हासला भेगा पडतात, तेल पिवळे होते, पण ते साफ करता येते, मागून आधार देता येतो. छापील चित्राचा कागद लगद्याचा. त्यातले आम्ल आतूनच त्याला कुरतडते, वरचे वॉर्निश तपकिरी होते, उदबत्तीचा धूर त्यावर बसतो. टिकाऊपणाच्या तक्त्यात दुसरे पहिल्यापुढे उभे राहणार नाही. तरीही रविवर्मा महाराष्ट्राच्या डोळ्यांत राहिला तो मुख्यतः त्या कच्च्या कागदामुळे, कारण प्रती असंख्य होत्या. पुढे मळवलीला गेलेला तो छापखाना १९७२ मध्ये आगीत सापडला, तेव्हाही घरोघरच्या भिंतींवर त्याची चित्रे होतीच. संख्या हेही टिकण्याचे एक साधन आहे. आणि औंधबद्दल दुसरी गोष्ट अशी, की १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, राजाचे राज्य राहिले नाही, पण संग्रहालयाची जबाबदारी शासनाकडे गेली आणि चित्रे भिंतीवर राहिली. धनी बदलला तरी जबाबदारी निराधार झाली नाही, म्हणून आज तुम्ही एसटीने जाऊन ती पाहू शकता.

जिथे जबाबदारीची ही साखळी तुटली तिथे काय झाले ते चित्रपटांनी दाखवले. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५ सालचा. सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या शेतकऱ्याची ती कथा आपल्याच मातीतली होती. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्या काळची नायट्रेटची फिल्म स्वतःच कुजते, पेट घेते, आणि जुन्या रिळांतून चांदी काढून विकण्याची पद्धत होती. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये निघाले, तोवर पुष्कळ हातचे गेले होते. आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत जपलेल्या नायट्रेट रिळांपैकी बरीच जळाली.

दुसरा आक्षेप तरुण श्रोत्यांच्या मनात असेल: आता सर्व डिजिटल आहे, विटायचा प्रश्नच मिटला. डिजिटल चित्र विटत नाही हे खरे. पण ते ज्या हार्ड डिस्कवर असते ती काही वर्षांत बंद पडते, सीडीवरचे थर खराब होतात, फाइलचे प्रकार मागे पडतात, पासवर्ड माणसाबरोबर जातो. कागदाच्या फोटोकडे चाळीस वर्षे दुर्लक्ष झाले तरी पेटीत काहीतरी उरते. डिजिटल चित्राकडे चाळीस वर्षे दुर्लक्ष झाले तर बहुधा काहीच उरणार नाही. ते जगते ते कुणीतरी दर काही वर्षांनी नव्या जागी नक्कल करत राहते म्हणून. नीट पाहिले तर डिजिटल फाइल तैलचित्राच्या जातीची नाही, ती कडेगावच्या ताबुताच्या जातीची आहे. पुन्हा घडवणे हेच तिचे जतन. ज्या गावाला दरवर्षी कळसापासून पुन्हा सुरुवात करण्याची शिस्त ठाऊक आहे त्या गावाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो माझ्या म्हणण्याच्या मुळाशी जातो. पुन्हा घडवणे याला टिकवणे म्हणता येईल का? यंदाचा ताबूत गेल्या वर्षीचा नव्हे. कागद बदलतो, रंग बदलतात, एखादा जाणता कारागीर गेला की एखादी खुबी त्याच्याबरोबर जाते, आणि पुढच्या पिढीला ती गेल्याचे कळतही नाही. हा आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. रविवर्म्याचा एक कॅनव्हास फाटला तर दुसरा हात तो पुन्हा रंगवू शकत नाही, म्हणून तिथे पुन्हा घडवण्याचा मार्ग उपयोगाचाच नाही. आणि जिथे तो मार्ग आहे तिथेही बदल होतो हे वारली चित्रांवरून दिसते. लग्नघरातल्या मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाष्णींनी काढायचा चौक सत्तरच्या दशकापासून कागदावर आणि कापडावर आला. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंताने त्याला जगभर नेले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्र टिकाऊ झाले, विकाऊ झाले, आणि त्याचबरोबर लग्नातून, काही अंशी बायकांच्या हातातूनही, बाहेर पडले. यात लाभ आणि हानी दोन्ही आहेत. पण लाभ-हानीचा हिशोब आज मांडता येतो तो जुन्या भिंतींची छायाचित्रे आणि वर्णने उरली आहेत म्हणून. माझे उत्तर एवढेच की पुन्हा घडवली जाणारी कला टिकते, पण ती बदलली कशी हे कळण्यासाठी तिच्या शेजारी एक न बदलणारी नोंद असावी लागते. ताबूत चिरस्थायी साहित्यात बांधावा असे मी मुळीच म्हणणार नाही. सिमेंटचा ताबूत हा ताबूत उरणार नाही. क्षणिक असणे हा त्याचा धर्म आहे. नोंदीला मात्र क्षणिक असण्याचा अधिकार नाही. २०२० मध्ये साथीमुळे राज्यभर मिरवणुकांवर निर्बंध आले तेव्हा साऱ्या उत्सवकलांना एक गोष्ट कळली असेल: दरवर्षी होणारी गोष्टही एखाद्या वर्षी थांबू शकते. सलग दहा वर्षे थांबली तर हातातले ज्ञान कुठून आणायचे?

अशी नोंद कशी असावी हे आपल्या पूर्वजांच्या दप्तरांतून शिकता येते. पेशवे दप्तरातले मोडी कागद हातकागदावर, काजळीच्या शाईने लिहिलेले आहेत. चिंध्यांचा, आम्ल नसलेला कागद आणि कार्बनची शाई या जोडीला प्रकाश आणि काळ यांची फारशी भीती नाही. भीती आहे ती पाण्याची आणि वाळवीची. त्याच्या शेजारी शंभर वर्षांपूर्वीचे छापील मासिक ठेवा. इथून जवळच किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये निघू लागलेल्या मासिकाने मराठी वाचक घडवला, पण त्या काळच्या मासिकांच्या स्वस्त कागदात लाकडाचा लगदा आणि तुरटीचे आम्ल असे. अंक उघडताना पान तुकड्यांनी हातात येते. जुना कागद नव्यापेक्षा अधिक टिकला, हे स्वीकारायला जड जाते खरे.

म्हणून कडेगावसाठी माझी मागणी ठोस आहे. ताबुतांची एक नोंदवही व्हावी. प्रत्येक मजल्याची मापे, बांबू कुठला, कोणत्या दिवशी तोडला, दोरा कसा फिरवला, कागद कोणत्या क्रमाने लावला, कोण कोण बांधायला होते, हे आम्लविरहित सुती कागदावर, पेन्सिलीने किंवा कार्बनच्या शाईने लिहावे. बॉलपेनने लिहू नये, त्याच्या शाईत रंजक असते. दरवर्षीची निवडक पंधरा-वीस छायाचित्रे रंगद्रव्याच्या शाईने सुती कागदावर काढून घ्यावीत, आणि फाइली निदान तीन ठिकाणी ठेवाव्यात, त्यांतले एक तालुक्याबाहेर. अजिंठ्याच्या प्रती एकाच शहरात एकवटल्या आणि जळाल्या, हे विसरू नये. रंगीत कागदाचा वापरलेला तुकडा दर वर्षी पाकिटात घालून वर्ष टाकून ठेवला तरी पन्नास वर्षांनी अभ्यासकाला तो सोन्याच्या मोलाचा ठरेल. यासाठी लागणारा खर्च एका मंडपाच्या भाड्याहून जास्त नाही. लागतो तो एक नेमलेला माणूस, आणि तो गेल्यावर त्याच्या जागी दुसरा.

घरासाठी विनंती याहून सोपी आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंतचे रंगीत फोटो आधी हाती घ्या, कारण त्यांना वेळ कमी आहे. उन्हासमोरच्या भिंतीवरून मूळ फोटो उतरवा आणि तिथे प्रत लावा. चिकट अल्बममधून ते जबरदस्तीने ओढू नका. निघत नसतील तर पानासकट स्कॅन करा. पोटमाळ्यावरची आणि पत्र्याखालची पेटी घरातल्या थंड, कोरड्या खोलीत आणा. आणि प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, नावे, गाव आणि साल लिहा. हे काम उद्यापासून सुरू करा, कारण त्या चेहऱ्यांची नावे सांगू शकणारी माणसे आज तुमच्या घरात आहेत.